सोबत आणि जाब

(दोघंही निपाणीचे, नात्यानं मामा-भाची. मामांची तंबाखूची वखार होती, आता नाही. भाची बेळगावात नोकरी करते आणि सुट्टी जुळली की पाठीवर सॅक टाकून किनारा गाठते. कंसात जे आहे तेवढं माझं.)

मामा : चालण्याला माझी हरकत नाही. आपल्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या चालतात. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला, चैत्रात जोतिबाला, अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला. ती घरी सांगून निघतात आणि पोचायचं कुठं हे आधी ठरलेलं असतं. तुमचं तसं नाही. वेंगुर्ल्याला एसटीतनं उतरायचं, हॉस्टेलात जो भेटेल त्याला बरोबर घ्यायचं, किनाऱ्या-किनाऱ्यानं दक्षिणेकडं सुटायचं, आणि कुठं निघालात म्हणून कुणी विचारलं तर ‘बघू’ म्हणायचं. वर ‘आम्ही टुरिस्ट नव्हे’ हा तोरा आहेच. इनोव्हातनं उतरतो तो टुरिस्ट, आणि तुम्ही प्रवासी. खोलीचं भाडं कमी दिलं म्हणून माणूस वेगळ्या जातीचा कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

भाची : भाड्याचं राहू द्या मामा, पायांचं बोलू. इनोव्हावाला पुलावरनं जातो. खाली खाडी आहे हे त्याला कळतं, पण खाडीचं काही ऐकावं लागत नाही. आम्ही चौघं एका खाडीच्या तोंडाशी अडकलो. मी, केरळची एक नर्स, इंदूरचा एक मुलगा आणि पोलंडची एक बाई. पाणी कधी उतरेल हे कुणालाच सांगता येईना, मोबाइलला रेंज नाही. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांनी आज तिथी कुठली ते विचारलं. आमच्यात तिथी माहीत असलेलं कोण? मग त्यांनीच सांगितलं, चतुर्थी आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चाराचे तीन. तीनला भरती म्हणजे नऊच्या सुमाराला सुकती. आता रात्री नऊला जा नाहीतर उद्या पावणेदहाला. पावणेदहा का, तर उद्या पंचमी. एवढा हिशेब त्यांनी हातातली सुई न थांबवता केला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. हे मला शाळेत भूगोलात शिकवलं होतं, पण त्या दिवशी ते माझ्या सॅकच्या ओझ्याशी जोडलं गेलं. त्या रात्री आम्ही त्यांच्या वाडीतच राहिलो.

मामा : छान. तुला भरती कळली. आजोबांना काय मिळालं?

भाची : त्यांच्या भावजयीच्या घरी आम्ही जेवलो, पैसे दिले. सकाळी रापण ओढायला गेलो. दोरीला हात लावला म्हणून चार बांगडे आम्हालाही मिळाले, ते परत त्यांच्याच चुलीवर गेले. मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्याचा पैसा कुठं जातो? बराचसा मुंबई-दिल्लीला. आमचा त्या वाडीतच राहिला. रक्कम लहान असेल, पण ती गावात फिरते.

मामा : हेच वाक्य पन्नास वर्षांपूर्वी हणजूणमध्ये म्हणता आलं असतं. गोवा 1961 च्या डिसेंबरात मोकळा झाला आणि त्याच दशकात गोऱ्या पोरांची रीघ लागली. इस्तंबूल, तेहरान, काबूल करत जमिनीवरनं यायची. त्यांच्याकडं पैसा कमी, वेळ भरपूर. कळंगुटात गर्दी झाली तशी ती हणजूणला सरकली, तिथनं वागातोरला, मग हरमलला. कोळ्यांच्या, माडी काढणाऱ्या रेंदेरांच्या घरात खोल्या घेऊन राहिली, तिथलंच जेवली. पैसे संपले की कॅमेरा, पँट, टेपरेकॉर्डर विकायची. त्यातनं हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला. आता तिथं काश्मीरपासून कर्नाटकापर्यंतचे व्यापारी बसतात. 1979 ला इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस अफगाणिस्तानात रशियन सैन्य घुसलं, जमिनीचा तो रस्ता मिटला. तोवर किनाऱ्याचं नाव जगभर झालं होतं. ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं यायला लागली. आता त्याच हणजूणमधली माणसं रात्रीच्या कर्कश संगीताविरुद्ध कोर्टात जातात. पहिल्या सॅकवाल्यानं काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. त्यानं फक्त वाट दाखवली, आणि वाट त्याच्यासाठी थोडीच थांबणार होती. सॅकवाल्यामागनं स्कूटर भाड्यानं देणारा येतो, त्याच्यामागनं जेसीबी.

भाची : जेसीबी माझ्यामागनं येत नाही, तो मंत्रालयातनं येतो. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून 1997 ला जाहीर झाला, तेव्हा मी पाळण्यातसुद्धा नव्हते. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. चिपीचं विमानतळ 2021 ला, मोपाचं 2022 ला. यातला कुठला निर्णय सॅकवाल्यांना विचारून झाला? मोपा ते हरमल गाडीनं तासाभराचं अंतर नाही. असल्या ताकदी जिथं कामाला लागल्यात तिथं चार माणसं वाळूतनं चालत गेली म्हणून किनारा बिघडला म्हणणं म्हणजे धरण फुटल्यावर कळशीवाल्याला पकडण्यासारखं आहे. आणि दुसरं, बिघडला म्हणजे काय? कोकणातली पोरं मुंबईला गिरणीत गेली, मनिऑर्डरवर घरं चालली, घरात म्हातारी आणि कुलपं उरली. आज त्या वाडीत एक पंचविशीची सून दोन खोल्या चालवते. तिचा नवरा पुण्यातली नोकरी सोडून परत आलाय. तुम्ही म्हणता तसा किनारा राखायचा तर त्यांना पुन्हा पुण्याला पाठवायचं काय?

मामा : त्यांना राहू दे. पण एकाच पिकावर उभ्या राहिलेल्या गावाचं काय होतं ते निपाणीवाल्याला सांगायची वेळ तुझ्यावर आली नाही. तंबाखू हे पैशाचंच पीक होतं. आसपासच्या गावांनी ज्वारी, भुईमूग मागं सारून तंबाखू लावला. मग शेतकरी माल घेऊन दारात आला की दर वखारवाला ठरवायचा, पैसे कधी द्यायचे तेही तोच ठरवायचा. आम्ही तेव्हा त्या बाजूला होतो, हे मी लपवत नाही. 1981 ला शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, दिवसचे दिवस बसले, आणि 6 एप्रिलला गोळीबार झाला. माणसं मेली. त्यांचं मागणं एवढंच होतं की दर ठरवताना आमचं ऐका. आता तुझ्या त्या सुनेच्या खोलीचा दर कोण ठरवतं? ती की मोबाइलमधली बुकिंगवाली कंपनी? कमिशन किती कापायचं, खोली यादीत वर दाखवायची की खाली, एका रागीट गिऱ्हाईकानं एकच तारा दिला तर तिचं म्हणणं कुणापुढं मांडायचं? वखारवाल्याचं निदान तोंड दिसायचं, त्याच्या दारात जाऊन बोंब मारता यायची.

(मामांचा हा मुद्दा मला त्यांच्या बाकीच्या मुद्द्यांपेक्षा जड वाटतो, आणि तो ते ज्या बाजूला उभे राहून सांगतात त्यामुळं जास्तच.)

भाची : हे खरं आहे, आणि ती सूनही हेच म्हणत होती. पण तुम्ही बोलताय ते पर्यटनाच्या धंद्याबद्दल. मी सोबतीबद्दल बोलतेय. अनोळखी माणसांबरोबर चालण्यात काय आहे हे तुम्ही विचारलंच नाहीत. पहिल्या दिवशी आम्हाला एकमेकांची आडनावंही ठाऊक नव्हती, आणि आडनाव न विचारता कुणी जेवायला शेजारी बसतं ही आपल्याकडं लहान गोष्ट नाही. नर्स होती म्हणून इंदूरच्या मुलाचा पाय शंखाच्या कडेनं कापला तेव्हा आम्ही घाबरलो नाही. पोलंडची बाई साठीची होती, तिच्या चालीनं आम्ही चाललो. शिरोड्याला मिठागरं बघत उभे राहिलो, मे 1930 मध्ये इथं मिठाचा सत्याग्रह झाला हे मी त्यांना सांगितलं. पोलंडची बाई म्हणाली, तेव्हाही गावोगावची अनोळखी माणसंच जमली असतील ना. केरीला फेरीबोटीतनं उतरलो आणि हरमलला दोघं वेगळ्या वाटेनं गेली. कुणी कुणाला थांब म्हणालं नाही.

मामा : तिथंच माझं घोडं अडतं. कुणी थांब म्हणालं नाही याचा तुला अभिमान वाटतो. माउलींच्या पालखीत रथापुढं सत्तावीस दिंड्या चालतात, रथामागं आणखी कितीतरी. लाखो माणसं, बहुतेक एकमेकांना अनोळखीच. पण प्रत्येकाला दिंडी आहे, दिंडीला विणेकरी आहे, चालायची जागा ठरलेली आहे. आणि मुक्कामाला समाजआरती होते तेव्हाची पद्धत तुला ठाऊक आहे? चोपदार चोप उंच करतो, सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मगच आरती. देवाच्या आधी तक्रार. ही सोबत. तुमच्या चौघांत कुणी वाडीतल्या पोराशी उद्धट वागलं असतं, विहिरीवर साबण लावून अंघोळ केली असती, तर टाळ कुणी वाजवत ठेवला असता? तुम्ही सकाळी निघून जाणार. गोड गोड सोबत कुणालाही जमते. जाब विचारता येईल अशी सोबत तुमच्याकडं आहे का?

भाची : जाब. मामा, हा शब्द तुम्ही वापरलात ते बरं झालं, कारण मी घरातनं निघते ती बरोबर यासाठीच. निपाणीत मी बसस्टँडवर उभी राहिले तर चार जण विचारतात, कुठं, कुणाबरोबर, परत कधी. काळजीनंच विचारतात. पण त्या प्रश्नांची उत्तरं देता देता निम्म्या बायकांचं निघणंच राहून जातं. ज्या चौघांबरोबर मी चालले त्यांना माझ्याकडं जाब मागायचा हक्क नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी संध्याकाळी समुद्रावर बसून कुणालाही काही सांगितलं नाही. तुम्हाला दिंडीतला विणेकरी दिसतो. मला त्या दिंडीत निघता यावं म्हणून सुनेवर घर सोपवून आलेली सासू दिसते आणि घरी राहिलेली ती सूनही. शिवाय पुरुष निघाला की आपण त्याला मोठी नावं देतो. धर्मानंद कोसंबी साखवळचे, याच किनारपट्टीचे. 1899 ला घर सोडलं. पुणं, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, तिथनं सिलोन, बरंच पायी, कधी उपाशी. घरी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. त्यांना आपण जिज्ञासू म्हणतो, तपस्वी म्हणतो. मी आठवडाभर गेले तर तो चाळा.

मामा : कोसंबी परतले ते पाली घेऊन. मराठीत बुद्ध त्यांनी आणला. शिरोड्याच्या ज्या सत्याग्रहाचं तू सांगितलंस, त्यातही ते होते. जाण्याचं मोल येताना काय आणलं त्यावरनं ठरतं.

भाची : निघाले तेव्हा काय आणणार हे त्यांना तरी ठाऊक होतं का? बाळाबाईंना तर नव्हतंच. आधी जाऊ द्यायचं, मग हिशेब, ही सवलत त्यांना मिळाली. बाईला आधी हिशेब दाखवावा लागतो. म्हणून मला शक्ती योजनेचं कौतुक आहे, तुम्ही कितीही नाकं मुरडा. 11 जून 2023 पासून आमच्या लाल बसमध्ये आधार दाखवलं की बाईला शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. निपाणी-बेळगाव, बेळगाव-हुबळी, हुबळीहून अंकोला, गोकर्ण. घरच्यांपुढं पैशासाठी हात पसरावा लागत नाही. मी गोकर्णाच्या बसमध्ये विडी वळणाऱ्या बायका पाहिल्या. हजार विड्यांमागं मजुरी घेणाऱ्या, ज्यांना भरपगारी सुट्टी हा प्रकार ठाऊक नाही. महाबळेश्वराचं दर्शन घेतलं आणि सरळ समुद्रावर. पातळ ओलं झालं तरी हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, देव काय, निमित्त. त्यांच्या पाठीवर सॅक नव्हती, पिशवी होती. पण त्या माझ्या सहप्रवासी होत्या, पोलंडच्या बाईपेक्षा जास्त.

(कर्नाटकाच्या हद्दीत शून्य, महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं, आणि आंतरराज्य गाडीत पुन्हा वेगळा हिशेब. सीमाभागातल्या बाईला किनाऱ्याचा कुठला तुकडा परवडतो हे काही अंशी राज्यांच्या रेषेनं ठरतं. निपाणीच्या नावानं देवगडपर्यंत रस्ता आहे, मुरगूड, मुदाळतिट्टा, राधानगरी, फोंडा घाट असा. पण फुकट प्रवासाची वाट उलट्या दिशेला, हुबळीवरनं जाते.)

मामा : विडीवाल्या बायकांबद्दल माझं काही म्हणणं नाही, आणि या मुद्द्यावर तू मला गप्प केलंस असं समज. पण तू दोन वेगळ्या जाबांची गल्लत करतेस. घरच्यांना जाब द्यायला लागू नये, हे कबूल. पण ज्यांच्या अंगणात तू झोपलीस त्यांनाही द्यायला लागू नये, हे त्यातनं निघत नाही. आरवलीला वेतोबाचं देऊळ पाहिलंस ना? भक्त त्याला केवढाले चामड्याचे जोडे वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि जोडे झिजतात अशी श्रद्धा. चालणारा देव आहे तो, पण चालतो गावासाठी. तुम्ही गावातनं चालता, गावासाठी चालत नाही. तुमचं गावाशी नातं खोली सोडताना संपतं.

भाची : जोडे पाहिले. पोलंडच्या बाईनं तिथं बराच वेळ काढला. आता तुमचं म्हणणं मी पुरतं मान्य करते असं धरा. घरच्यांना नाही, पण किनाऱ्याला जाब द्यायचा. तो कसा द्यायचा हे मला खरंच कळत नाही. एक उदाहरण सांगते. वाटेत एका टेकाडामागं छोटी पुळण लागली. रस्ता नाही, पायवाट अर्धी बुजलेली. फोटो अप्रतिम आले. मी ते कुठं टाकले नाहीत आणि जागेचं नाव कुणाला सांगितलं नाही. हणजूण झालं ते इथं होऊ नये म्हणून. तुमच्याच विचारानं वागले.

मामा : माझ्या विचारानं? अजिबात नाही. नाव लपवायचा अधिकार तुला कुणी दिला? ती पुळण तुझी नव्हे. हरमलला हेच झालं होतं म्हणतात, आधी आलेल्यांनी मागनं येणाऱ्यांना सांगायचं नाही, म्हणजे स्वर्ग आपल्यापुरता राहतो. इनाम मिळाल्यासारखं. त्या पुळणीच्या वरच्या वाडीत कुणाला खोल्या काढायच्या असतील तर तुझ्या मौनानं त्याचं नुकसान झालं.

भाची : विचारलं होतं. तिथंच तर अडलं. वाडीत रापण ओढणारे होते, ते म्हणाले, नको बाई, गर्दी आली की आमच्या होड्या ठेवायला जागा राहत नाही, पलीकडच्या गावात तसंच झालं. आणि त्यातल्याच एकाच्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, फोटो टाका, खाली माझा नंबर घाला, मी जेवण करून देईन. एकाच घरातनं दोन उत्तरं. बापाला जाब द्यायचा की मुलीला? चोपदार असता तर टाळ कुणाचे वाजत राहिलेत ते बघून त्यानं निवाडा केला असता. इथं दोघंही वाजवतायत.

मामा : ग्रामसभा आहे. तिथं नेऊ दे.

भाची : ग्रामसभेत ती मुलगी बोलेल? बापासमोर? तुम्ही निपाणीत किती सभांना गेलात, किती मुली बोलल्या?

मामा : मग तू बोललीस तर तिच्या वतीनं बोलल्यासारखं होईल आणि गप्प राहिलीस तर बापाच्या वतीनं. बाहेरच्या माणसाला तटस्थ राहायची सोय इथं नाही. मला वाटतं बापाचं ऐकावं, कारण होडीची जागा एकदा गेली की परत येत नाही. मुलीला दुसरा काही उद्योग निघू शकेल.

भाची : तुम्ही तंबाखूच्या वेळीही वखारीच्या बाजूनं असाच विचार केला असता, की शेतकऱ्याला दुसरं पीक निघू शकेल. निघालं का? मुलीचं ऐकावं असं मला वाटतं, पण तिचा नंबर खाली घालून रात्री-अपरात्री तिला कुणाचे फोन येतील याची हमी मी देऊ शकत नाही, कारण मी इथं बेळगावात असणार. म्हणून मी तिला म्हटलंय, नंबर माझा घालू, फोन मी घेईन, माणसं बघून तुझ्याकडं पाठवीन.

मामा : म्हणजे तू वखार उघडलीस.